वन्संना दाखवायचं रीळ

५ मार्च
घरात माझं कोणी ऐकून घेत नाही, म्हणून लिहायला बसले.
वन्संचा एक डोळा कधीच गेला. आता दुसऱ्यातही मधोमध काळा डाग आलाय. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं घेत राहिलात तर डाग पसरणार नाही, नाही घेतलीत तर काही खरं नाही. पहिलं पुढच्या गुरुवारी. वन्संना त्याआधी त्यांचे यजमान पाहायचेत. लग्नानंतर वर्षभरातच गेले. हलताना-हसताना फक्त एका रिळात आहेत. ते आमच्या ह्यांनी काढलेलं.
चिरंजीव म्हणतात, स्टुडिओत देऊ, कॉम्प्युटरवर उतरवून मिळतं. मी साफ नाही म्हटलं. घरची माणसं परक्याच्या हवाली करायची नाहीत. शिवाय मी फिजिक्सची पदवीधर. प्रोजेक्टर मीच चालवणार. रविवारी.

६ मार्च, सकाळ
प्रोजेक्टर माळ्यावरून काढला. आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालंय. जुन्या परकराचं इलॅस्टिक लावलं. सून म्हणाली, "आई, सैल वाटतंय." मला कमरेला सैल नव्हतं, यंत्राला कसं होईल?

दुपार
हे होते तोवर यंत्र नेहमी तेच चालवायचे, कबूल. पण खोलीतले दिवे मी घालवायची. म्हणजे निम्मं काम माझंच.

७ मार्च
सहलीच्या एका रिळावर चाचणी. माणसं डोकं खाली, पाय वर, आणि पाण्यातून मागे मागे बाहेर येणारी. वन्संनी विचारलं, "वहिनी, ही मंडळी छताला का लटकलीत? की हाही माझ्या डोळ्याचाच प्रताप?" आणि हसत सुटल्या. ह्यांनीच रीळ उलटं गुंडाळून ठेवलं असणार. चाचणी यशस्वी.
चिरंजीवांची पुन्हा भुणभुण. फिल्म ठिसूळ झालीय म्हणे, एकदा गेली की गेली. म्हटलं, ती तुझ्याच वयाची आहे, तू कुठे मोडलास?

८ मार्च, रविवार
पांढरी चादर ताणून बांधली. वन्संची खुर्ची चादरीला जवळजवळ चिकटून. दिवे सुनेने घालवले.
रीळ चाललं. सरळ चाललं! वन्संचे यजमान पाठमोरे, सायकल ढकलत फाटकाकडे निघालेले. मग वळले. हसले. वन्सं म्हणाल्या, "थांबवा हो जरा. तोंड नीट पाहू द्या."
मी थांबवलं. कोणीही थांबवलं असतं. "आई, दिवा बंद कर, जळेल!" असं चिरंजीव ओरडले, पण घरात सगळ्याच गोष्टींवर ओरडतात ते. चेहऱ्याच्या मधोमध तपकिरी डाग उमटला, काळा झाला, चहूकडे पसरला. मग नुसता पांढरा उजेड आणि वास.
वन्संनी डोळा चोळला. हळूच म्हणाल्या, "आत्ताच व्हायचं होतं का हे? त्यांच्याकडे बघता बघता गेला हो डोळा."
चिरंजीव काही बोलणार होते. मी त्यांचा हात दाबला. वन्संना आणखी धक्का नको, एवढाच हेतू.

९ मार्च
वन्संनी थेंब घातले नाहीत. डोळा घट्ट मिटून पडून आहेत, खोलीचा पडदाही उघडला नाही. चिरंजीव माझ्याशी बोलत नाहीत. उद्या सांगेन. योग्य वेळ पाहून सांगावं, हे शहाणपण.

१० मार्च
योग्य वेळ मिळाली नाही. वन्सं सुनेला म्हणाल्या, दवाखान्यात कळव, गुरुवारी येत नाही. मेल्या डोळ्यात सुया कशाला खुपसून घ्यायच्या? मी स्वयंपाकघरात होते. नळ चालू होता. पण ऐकू आलं.

११ मार्च
सांगितलं. पडदा उघडला आणि एका दमात सांगितलं. डाग फिल्मवर पडला. थांबवलं मी, दिवा घालवायला हवा होता हे मला ठाऊक नव्हतं, आणि तीन दिवस मी गप्प बसले.
वन्संनी डोळा उघडून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवरचे कपडे कडेकडेने न्याहाळले. म्हणाल्या, "म्हणजे डोळा आहे. ते गेले."
मग म्हणाल्या, "दवाखान्यात कळवायला सांगा, उद्या येतेय."
चिरंजीवांच्या हवाली केलं: प्रोजेक्टर, कॅमेरा, सगळी रिळं. स्टुडिओत ते नेतील.
वन्संच्या हाती दिला: जळक्या भागाच्या अलीकडचा फिल्मचा तुकडा. त्यात ते पाठमोरे आहेत.