मेहुण्याची साइट आणि माझा सूड

३ फेब्रुवारी
सासूबाईंच्या वाढदिवसाला मेहुण्याने चारचौघांत माझी ओळख करून दिली. "हे आमचे भाओजी. घरीच असतात. वायफाय बंद पडलं की फार उपयोगी." सगळे हसले. बायको सर्वांत मोठ्याने.
सूड घेणार. ठरलं.

४ फेब्रुवारी
थंड डोक्याने विचार केला. मेहुण्याच्या गाद्यांच्या दुकानाची साइट, बायकोच्या चित्रकलेच्या क्लासची आणि माझ्या कवितांची, तिन्ही माझ्याच सर्व्हरवर. दारात रिव्हर्स प्रॉक्सी बसवलाय. आलेल्याला कुणाकडे जायचंय ते बघून तो त्या साइटवर सोडतो; जागा खरी असल्याचं SSL सर्टिफिकेटही दाखवतो.
मेहुण्याचं सर्टिफिकेट संपत आलंय. संपू दे! येईल पाया पडत.

८ फेब्रुवारी
सर्टिफिकेट आपोआप रिन्यू झालं. ती सोय मीच करून ठेवली होती. हुशारी नडते ती अशी.
मग मेहुण्याची नोंदच प्रॉक्सीतून उडवली. आता त्याच्या गिऱ्हाइकांना लाल इशारा: ही साइट सुरक्षित नाही. चहा गोड लागला.

९ फेब्रुवारी, सकाळ
माझ्या कवितांना एका दिवसात दोनशे वाचक! एरवी मी, आणि कधी चुकून आई. सूड तूर्त बाजूला. रसिक जागा झालाय.

दुपार
अभिप्राय वाचले. "डबल बेडची गादी कधी पोचवणार?" "कंबर गेली." 'विरह'खाली एकाने विचारलंय, "यापेक्षा मऊ आहे का?"
नाव सापडलं नाही की प्रॉक्सी माणसाला यादीतल्या पहिल्या साइटवर सोडतो. पहिली माझी. लोक इशाऱ्याला न जुमानता आत शिरतायत.
तरी कंबरवाल्याने दोन कविता वाचलेल्या दिसतात.

११ फेब्रुवारी
मेहुण्याचा फोन. रडकुंडीला आला असेल म्हणून खुशीत उचलला. म्हणाला, "भाओजी, तुमच्यावर फार लोड पडतोय. मी साइट दुसरीकडे हलवतो." बायको मागून ओरडली, "माझीपण ने रे!"
म्हणजे पळाला. जिंकलो.

१२ फेब्रुवारी
मेहुण्याचा पुन्हा फोन. साइट हलवायला सर्व्हरचा पासवर्ड हवा म्हणाला. नंतर पाठवतो म्हटलं. बायको म्हणाली, आत्ताच सांग, आणि फोन स्पीकरवर टाकला. शेजारी सासूबाई.
सांगितला. मठ्ठमेहुणा. सगळं जोडून.
पलीकडे कीबोर्डची टकटक. मग म्हणाला, "एवढाच?"
नाही. पुढे तीन उद्गारचिन्हं.