घरातच डॉक्टर असताना

मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या भाच्यांच्या समस्त मावश्यांनो, तुमची-आमची तक्रार एकच आहे: आपल्याला फसवलं गेलं! (या सभेला सध्या तू एकटीच हजर आहेस, मावशी, म्हणून नमस्कारही तुलाच. गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का?) तू चारचौघांत सांगायचीस, आमची भाची मनातलं ओळखते. तेव्हापासून जो तो माझ्यासमोर उभा राहून म्हणतो, 'सांग बरं, माझ्या मनात काय आहे?' मी म्हणते, 'हिला नोकरी कधी लागणार, हे.' अजून एकदाही चुकले नाही.

शाळेत लागले होते ना? पद समुपदेशिकेचं, खोली खेळाच्या सामानाची. एखादी मुलगी हमसून हमसून रडायला लागली की खेळाचे सर हमखास आत येत आणि 'चालू द्या, चालू द्या' म्हणत आमच्या मधून फुटबॉल घेऊन जात. कुणी शिक्षिका रजेवर गेली की तिचा वर्ग माझ्या गळ्यात (भूगोल, कधी शिवण). मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'तुम्ही नुसत्या ऐकता, म्हणजे मोकळ्याच की!' मी भर बैठकीत ठणकावलं, की ऐकणं हे काम आहे, आणि ज्या समाजाला ते काम वाटत नाही तिथली माणसं भिंतींशी बोलत मरतात. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून मी खरोखरच मोकळी झाले. मग एका कंपनीत कामावरून काढलेल्यांना ती बातमी द्यायचं काम मिळालं. 'तुमच्यासमोर माणसं शांतपणे रडतात,' असं साहेबांनी कौतुक केलं. तेही सोडलं.

आता घरी आहे, आणि आईला बघते आहे. बाबा गेल्याला वर्ष होत आलं. ती कंगवा हातात घेते आणि तसाच धरून खिडकीशी बसून राहते. ताट गार होतं. विचारलं तर 'मला काय धाड भरलीय?' दादाला म्हटलं, हिला डॉक्टरांकडे नेऊ. तर म्हणतो, 'घरातच डॉक्टर असताना बाहेर कशाला? मग शिकलीस कशासाठी एवढं?' शेजारच्या काकूंचंही तेच. मावशी, मी डॉक्टर नाही. शिवाय आपल्याच माणसावर उपचार करू नयेत, हा आमच्या विद्येचा पहिला धडा. मी तिच्यासमोर बसले की मला लक्षणं दिसत नाहीत, आईच दिसते. माझ्याकडे ही पदवी नसती, तर ती केव्हाच दवाखान्यात गेली असती.

बाकी सगळं ठीक. काळजी करू नकोस.

तुझी भाची

ता. क. काळजी कर.

ता. क. पुन्हा एकदा: गुरुवारी सकाळी मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे, तुझ्या नावावर. आई स्वतःसाठी पाऊल उचलणार नाही. पण तू जर म्हणालीस, 'ताई, मला झोप लागत नाही गं, एकटीला जायची भीती वाटते, चल ना बरोबर,' तर ती चप्पल घालून तुझ्याआधी दारात उभी राहील. (हे साफ खोटं आहे. त्याचं पाप माझ्या माथी.) आत गेल्यावर तू गप्प बस, तिला बोलू दे. मावशी, पत्राची घडीसुद्धा घालू नकोस. आधी ताईला फोन लाव.