अडकलेला म्हण

बाबा, तुमचा व्हिसा शेवटी रद्द झाला, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी झाला. पार्थिव भारतात न्यायचं तर आधी व्हिसा रद्द करावा लागतो, असं मला दुबईहून फोनवर सांगितलं. म्हटलं, आता तुम्हाला तिथंच ठेवून घेतात की काय. पण कुणी मालकाची सही मागितली नाही, कंपनीचा माणूस मागितला नाही. एक शिक्का बसला आणि काम खलास. ज्याच्यासाठी तुम्ही चार वर्षं खेटे घातलेत ते तुमच्या मरणानं एका सकाळीत करून दिलं. त्या दिवशी मला दुःखाच्या आधी संताप आला होता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही.

मंदीच्या त्या हिवाळ्यात तुम्ही ऑफिसला गेलात आणि तासाभरात नहदा भागातल्या आपल्या घरी परत आलात. आई थालीपीठं लावत होती, मी बारावीच्या परीक्षेचं वाचत टेबलाशी बसले होते. तुम्ही बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "साहेब गेले." आईला वाटलं, वारले. "अगं, तसं नाही. देश सोडून गेले. ऑफिसला कुलूप आहे." मग तुम्ही पुढे होऊन तव्याखालचा गॅस बारीक केलात, कारण थालीपीठ करपत होतं आणि आईचं तिकडे लक्षच नव्हतं. तुम्ही नकाशे काढलेले सगळे टॉवर तेव्हा अर्धवट उभे होते. आपल्याला वाटलं होतं, ड्राफ्ट्समनला काय, दुसरीकडे नोकरी मिळेल. आणि ती मिळालीही होती! बर दुबई भागातली एक कंपनी तुम्हाला घ्यायला तयार होती, हेच लोकांना सांगून पटत नाही. पण नवं परमिट निघायचं तर जुना व्हिसा रद्द व्हायला हवा, आणि तो रद्द करायचा तर पळालेल्या मालकाची सही हवी.

परीक्षा संपल्यावर एकदा मी तुमच्याबरोबर व्हिसाच्या कचेरीत आले होते. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होतात, जणू इंटरव्ह्यूलाच निघालात. खिडकीमागचा माणूस वाईट नव्हता, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. तो हिंदीत म्हणाला, "अंकल, कंपनी का कोई आदमी लेके आओ." तुम्ही म्हणालात, "कंपनी में कोई आदमी नहीं है. इसीलिए तो आया हूँ." तो हसला. "तो बाद में आओ. इन्शाल्ला हो जाएगा." बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, हा काय मूर्खपणा आहे?" तुम्ही म्हणालात, "नियम आहे. नियमाला उत्तर असतंच, शोधावं लागतं." जन्मभर नकाशे काढलेला माणूस तुम्ही. तुम्हाला वाटायचं, जिथं भिंत आहे तिथं कुठंतरी दार दाखवलेलं असणारच.

आम्हा दोघींचे व्हिसा तुमच्या व्हिसावर होते, म्हणून मुदत संपायच्या आत तुम्ही आम्हाला पुण्याला पाठवलंत. "कागद सरळ करतो आणि तुम्हाला परत बोलावतो," असं विमानतळावर म्हणालात. मग तुमची मुदत संपली आणि तुम्ही अल क्वोज या कारखान्यांच्या वस्तीत, खिडक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये चोरून ड्रॉइंग काढायला लागलात. दुबईच्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरास दरवर्षी तुमच्या हातची असायची. तिथं कुणीतरी विचारलं, "सध्या कुठे आहात?" आणि तुम्ही मंडळात जाणंच सोडलंत. देवळाच्या गल्लीतही जाईनासे झालात, तिथं चेकिंग होतं म्हणून. आत्या मला म्हणाली, तुझा बाप इल्लीगल झालाय. मी रागारागानं तोच शब्द फोनवर तुमच्या तोंडावर फेकला. तुम्ही म्हणालात, "इल्लीगल म्हणू नकोस. अडकलेला म्हण."

मग तिथल्या सरकारनं व्हिसा संपलेल्यांना माफी जाहीर केली. दंड नाही, तुरुंग नाही, मुकाट्यानं आपल्या देशी जा. आई फोनवर रडली, मी तर आनंदानं ओरडलेच. "बाबा, या ना आता!" तुम्ही शांतपणे विचारलंत, "माफी कसली? मी काय केलंय?" मी म्हटलं, शब्दावर काय अडून बसता? "शब्द नाही गं. मला काम करायचा कागद हवाय. हे म्हणतात, परत जा, आम्ही रागावणार नाही. रागवायचं कुणी कुणावर?" आई म्हणाली, "तुमचा हट्ट पुरे झाला." तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळी काम करायची परवानगीही देतील. द्यावीच लागेल त्यांना. माणसं लागतातच ना?" माफीची मुदत टळली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात वर्कशॉपमध्येच तुमचं हृदय बंद पडलं. डॉक्टरकडे जायला भीत होतात, असं तुमच्या खोलीतल्या माणसानं मागाहून सांगितलं. सरकारचा राग करू, त्या मालकाचा करू, की तुमचा, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आणि बाबा, तुमचं म्हणणं खरं ठरलं. आता मी इथं दुबईतच नोकरी करते, माणसं भरती करायचं खातं माझ्याकडे आहे. पुढच्या एका माफीत परत जायची सक्ती नव्हती. एखादी कंपनी घ्यायला तयार असेल तर दंड माफ आणि इथंच राहून नवं परमिट. आमच्या कंपनीला वेल्डर हवा होता. महाडकडचा एक माणूस आला, मालक पळालेला, व्हिसा कधीच संपलेला. मी त्याला घेऊन माफीच्या अर्जांच्या केंद्रावर गेले. मांडवात एसी होता, पाण्याच्या बाटल्या वाटत होते. काउंटरवरच्या मुलीनं जुन्या मालकाबद्दल विचारलं. मी म्हटलं, तो देशात नाही. ती म्हणाली, "नो प्रॉब्लेम," आणि पुढचं बटण दाबलं. नो प्रॉब्लेम! तो माणूस तिथंच बायकोला फोन लावून म्हणाला, "झालं गो! आता मी येईन पण आणि परत जाईन पण." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "ताई, तुमच्यामुळे झालं."

मी अभिनंदन म्हटलं, हसलेसुद्धा. गाडीत त्याला पुढे बसवलं, वाटेत चहा पाजला. तो त्याच्या मुलाच्या शाळेबद्दल सांगत होता आणि मी एकही शब्द ऐकत नव्हते. त्याच्या जागी तुम्ही का नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. तो भला माणूस आहे, बाबा, त्याचं काही चुकलेलं नाही. तरी मला त्याचा हेवा वाटला, इतका की त्याच्याकडे बघवेना. उद्या तो कामावर रुजू होतोय, आणि त्याला कामाची जागा दाखवायला मीच असायला हवं. मी आजारी असल्याचं कळवून टाकलंय.