आबांच्या रक्तातला आकडा

४ जानेवारी
शुद्धलेखन चुकंल. माफ करा. एका बोटानं टायपिंग चाललंय, लई हळू हुतंय, त्यात नववीत शाळा सोडलेली पोरगी मी, आणि आमच्याकडं पोरीबी ‘आलो-गेलो’च म्हणत्यात. तसं वाचणारं कोणच न्हाय. पण आधी माफी मागितली की बरं वाटतंय.

आज आबांना हार्टच्या डॉक्टर मॅडमकडं नेलतो. आबा म्हंजे माझे आजोबा, बाळासो, जुने पैलवान. पाय सुजतात, जिना चढला की धाप लागती. रक्तात बीएनपी म्हणून कायतर असतंय, त्याचा आकडा १८४० आला. मॅडम म्हणाल्या, हृदयावर ताण आला की हा वाढतो, पुढची वर्षं कशी जातील त्याचा अंदाज येतो. एप्रिलमध्ये परत बघू, निम्म्यावर यायला हवा. काही विचारायचंय?
मला लई विचारायचं हुतं. मान हलवून न्हाय म्हणालो.

संध्याकाळी
आबा तालमीत सांगून आले, आख्ख्या पेठेत एवढा आकडा कुणाचा न्हाय. त्यांचे दोस्त आकाराम नाना, त्यांचा नुसता तीनशे. नाना तोंड पाडून बसले म्हणं.

५ जानेवारी
ठरलं. आबांची जबाबदारी माझी. मीठ बंद, लोणचं बंद, रोज चालणं. घरात मी मोकळं बोलतो ते फक्त आबांशी. त्यांना काय झालं तर सतरा वर्षाच्या पोरीनं काय भिताडाशी बोलायचं?

९ जानेवारी
मिठाची बरणी कपाटात, किल्ली माझ्याकडं. कडक कारभार.

१० जानेवारी
आबा म्हणाले, अनुजे, ही आमटी हाय का अंघोळीचं पाणी? चिमूटभर दिलं. माझी चिमूट लहान हाय.

२ फेब्रुवारी
रंकाळ्यावर चालायला गेलतो. चालणं कमी, भेळ जास्त झाली. पण भेळ उभं राहून खाल्ली. म्हंजे एक्सरसाइजच की.

मार्च, तारीख बघितली न्हाय
सगळं कंट्रोलमध्ये. फक्त शेजारच्या मोनाताईचा बोका हरवलाय. आबांना चप्पल बसंना, पण ती आधीपासनंच घट्ट हुती.

८ एप्रिल
परवा रक्त तपासायला द्यायचं. आकाराम नाना घरी येऊन म्हणाले, बाळ्या, कुस्तीआधी वजन तोडायचास का न्हाय? तसाच आकडा तोड. जेवण बंद, पाणी बंद, घाम काढ. काट्यावर वजन बसलं की मग खा काय खायचं ते.
मला एकदम पटलं. एवढं शिकलेल्या मॅडमना कसं सुचलं न्हाय?

९ एप्रिल
पाणी बंद केलं. आबा भर उन्हात स्वेटर घालून बैठका मारत हुते. मधीच बसले. तोंड पांढरं. मी घाबरलो. मॅडमकडं जायचं का म्हणालो, तर म्हणाले, येडी हैस काय, वजनाआधी पैलवान असाच दिसतो.
मग जरा बरं वाटलं.

१० एप्रिल
रक्त दिलं. लॅबमधनं थेट मिसळ. आबांनी कट, म्हंजे वरचा तिखट रस्सा, दोनदा मागितला. मांडीवर थाप मारली, सगळं हॉटेल बघाय लागलं. आकडा नऊशेच्या आत आलाय असं मी आईला सांगूनबी टाकलं.

११ एप्रिल
२६१०. लॅबचं मशीन बिघडलं असणार.
मॅडमनी विचारलं, काय केलंत? माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. खरं सांगायचं ठरवून गेलतो, पण पाती मोजत बसलो. आबांनीच छाती फुगवून सांगितलं, आमच्या पोरीनं वजन तोडायला लावलं की!
मॅडमनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, आजोबा, हा काटा नाही. हृदय रोज किती ओढतंय ते यात दिसतं. उपाशी राहून, बैठका मारून ताण वाढवलात, किडनीवरपण आणलात.
आबा पहिल्यांदाच हळू बोलले. किती वर्षं हैत माझी?
मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.
मॅडम म्हणाल्या, नेमकी वर्षं कुठला आकडा सांगत नाही. गोळ्या घ्या, मीठ खरंच सोडा, मग पुष्कळ जमेल. आज ॲडमिट व्हा. आणि या मुलीचं ऐकू नका.

रात्री, वॉर्डात
सूज जरा उतरलीया. मी स्वतःहून सिस्टरपाशी गेलो आणि मोठ्यानं विचारलं, आबांना पाणी किती द्यायचं? आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाशी आधी मी बोललो. आता इथनं पुढं सगळी सूत्रं माझ्याकडं.
सिस्टर म्हणाली, ते सांगते, आधी त्यांच्या उशाखालची खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी काढ.

आईचा फोन आला, मोनाताईचा हरवलेला बोका सापडला. शाहूपुरीत एका टायरच्या दुकानात ऱ्हातोय, यायला तयार न्हाय.