घंटाकाकांच्या कानासाठी फोटोविक्री

तीर्थरूप मामा यांना भाचीचा नमस्कार.

तुझी पाठ कशी आहे? मामीचा गुडघा काय म्हणतो? (आईनं बजावलंय की आधी तब्येती विचारायच्या, मग स्वतःचं पुराण लावायचं. मामाला पत्रात ‘तुम्ही’ लिहायचं असंही तिचं म्हणणं आहे. पण ‘तुम्ही’ लिहिलं की मी बँकेला अर्ज करतेय असं वाटतं, म्हणून तूच.) आम्ही मजेत आहोत. मजेत कसले, मी तर चार दिवस हवेतच आहे! बाबा म्हणाले, फोनवर सांग आणि मोकळी हो. पण फोनवर तू दोनदा “बरं, बरं” करतोस आणि फोन मामीच्या हातात देतोस. पत्र कसं, शेवटपर्यंत वाचावंच लागतं.

तर आमच्या शाळेत घंटाकाका आहेत. आमची घंटा अजून दोरी ओढून वाजते आणि ती दोरी सव्वीस वर्षं त्यांच्याच हातात आहे. गेल्या वर्षापासून त्यांना ऐकू येईनासं झालं. घंटा वाजली की नाही हेच कळेना, म्हणून खात्रीसाठी ते आणखी दोन टोले द्यायला लागले. आता तीन टोले म्हणजे शाळा सुटली! त्यामुळे एका मंगळवारी, दुसऱ्या तासानंतर, पाचवीचा अख्खा वर्ग दप्तरं पाठीला लावून घरी गेला. मुख्याध्यापक बाईंनी ठरवलं, पुढच्या सत्रापासून विजेची घंटा आणि काकांना कायमची सुट्टी. कानाची मशीन लावलीत तर राहा, असं म्हणाल्या त्या, पण मशीनची किंमत सांगितल्यावर काका म्हणाले, “हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.”

आम्ही हसलो आणि मग आम्हाला फार वाईट वाटलं. आम्ही म्हणजे मी, चष्मिस आणि लंबू, तिघंही नववीत. तिघांनाही फोटो काढायचं वेड. लंबू म्हणाला, आपलेच फोटो छापून विकू. स्टुडिओवाल्यांनी कागदाच्या भावात छापून द्यायचं कबूल केलं आणि वाचनालयानं एका रविवारपुरती व्हरांड्याची भिंत दिली. दोरी बांधली, कपड्यांचे चिमटे आणले (आईचे, तिचं धुणं त्या दिवशी कुंपणावर वाळलं), आणि सगळी कला टांगली. चष्मिसनं एकाच गंजक्या कुलपाचे अकरा फोटो काढले होते. लंबूच्या उंचीमुळे त्याला जग वरूनच दिसतं, त्यामुळे त्याच्याकडे टकलांचा मोठा साठा. मी साचलेल्या पाण्यातल्या माझ्या प्रतिबिंबाचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, ‘मी कोण?’ बाबा थांबून म्हणाले, “डबकं.”

दुपारपर्यंत एक फोटो विकला गेला असेल तर शपथ! एका बाईंनी मुतारी कुठे आहे ते विचारलं आणि एका आजोबांनी चिमट्यांचा भाव विचारला. चष्मिस तर रडवेली झाली होती. तेवढ्यात पेपर वाचायला न्हावीकाका आले आणि लंबूच्या एका फोटोसमोर जागच्या जागी थिजले. फोटोत ते स्वतःच्याच खुर्चीत, हातात कात्री धरून गाढ झोपले होते, आणि मागे बाकावर गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं.

“हा काढ आधी!”

“विकत घेतलात की निघेल,” चष्मिस म्हणाली. (अगदी भोळेपणानं. ती तशीच आहे.)

त्यांनी पैसे आपटले, फोटो घडी घालून शर्टात कोंबला आणि तरातरा गेले. आणि जाताना सगळ्या गल्लीत बोंब ठोकत गेले, त्यामुळे अर्ध्या तासात ही गर्दी! प्रत्येक जण आपण भिंतीवर आहोत का ते बघायला आलेला. व्यायामशाळेचे मालक एका मजल्यासाठी लिफ्टची वाट बघताना सापडले. शिंपीदादा स्वतःच्या फाटक्या खिशासकट सापडले. दोघांनीही मुकाट्यानं फोटो घेतले आणि पिशवीत दडवले. आम्हाला तर आकाश ठेंगणं झालं! मग बाबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “याला कला म्हणत नाहीत, बाळा. याला खंडणी म्हणतात.”

मला इतकी लाज वाटली, मामा! लगेच मोठ्या अक्षरांत पाटी लावली: ‘ज्यांना आपला फोटो नको असेल, त्यांनी फुकट काढून न्यावा. घेतलेले पैसे परत मिळतील.’ आणि काय सांगू, एकानंही पैसे परत मागितले नाहीत! उलट न्हावीकाका परत आले, बरोबर नाकावर घडी पडलेला तो फोटो उलगडला आणि म्हणाले, “याचा मोठा करून दे. गिऱ्हाइकं म्हणतात, दुकानात लाव.” त्यानंतर विक्री जी सुटली, ती थांबेचना. कुलपंसुद्धा गेली! (कुलपाच्या दुकानात. पण गेली.)

चारच्या सुमारास मुख्याध्यापक बाई आल्या, आणि नेमके मागोमाग घंटाकाका. माझ्याकडे त्यांचा एक फोटो होता, तो मी विकायला ठेवलाच नव्हता, नुसता लावला होता. काकांच्या मुठीत दोरी, नजर फाटकाकडे, आणि फाटकातून बुटाची नाडी सुटलेली एक चिमुरडी धावत येतेय. ती आत येईपर्यंत त्यांनी शेवटचा टोला रोखून धरला होता. काका बघत राहिले आणि म्हणाले, “दोरी फार झिजलीय हो.” बाईंनी फोटोतल्या चिमुरडीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “विजेची घंटा कुणासाठी थांबली नसती.”

“काय म्हणालात?”

“मशीन आणा! तुम्ही कुठेही जायचं नाही!”

“काय?”

तिसऱ्यांदा बाई इतक्या जोरात ओरडल्या की ग्रंथपाल “शूऽऽ” करत बाहेर आल्या, आणि मग त्याच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागल्या. मी रडले. लंबूही रडला, पण इतक्या उंचावर की कुणाला दिसलं नाही.

गुरुवारी फोटोंच्या पैशांतून काकांच्या दोन्ही कानांत मशीन बसली! आता घंटा सेकंदानंही चुकत नाही, त्यामुळे गणिताचा तास पुरा चाळीस मिनिटं चालतो आणि अख्खा वर्ग आमच्याशी बोलत नाही. चालायचंच. मामीला नमस्कार, तुला पाठीला जपून मिठी.

तुझी भाची

ता. क. सगळ्यांत मोठा फोटो कुणी घेतला ते सांगायचं राहिलं. दाताच्या डॉक्टरांनी. फोटो तुझा आहे. सुट्टीत तू आमच्या आरामखुर्चीत झोपला होतास, तोंड उघडं टाकून. इतक्या दाढा एकत्र इतक्या स्पष्ट त्यांनी वीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या म्हणे. त्यांना तो दवाखान्यात लावायचाय, त्यासाठी तुझी लेखी परवानगी हवी. कागद सोबत जोडलाय. फुलीच्या जागी सही कर.

ता. ता. क. सही आली नाही तर डॉक्टरांना पैसे परत द्यावे लागतील, आणि त्यासाठी काकांच्या एका कानातली मशीन दुकानात परत. कुठल्या कानातली ते तू कळव.

आणखी एक. मामी साक्षीदार म्हणून सही करायला तयार आहे (आईनं तिला फोनवर विचारलंय). तिला एक प्रत हवीय. डॉक्टर म्हणतात, उजवीकडची खालची शेवटची दाढ किडलीय, तेव्हा सही घेऊन स्वतःच ये.