अर्जदार अजून दुसऱ्या बेसवरच आहे

प्रति,
मा. कर्मचारी कल्याण व क्रीडा अधिकारी,
कल्याण कक्ष, दुसरा मजला,
रुग्णालयाची मुख्य इमारत.
(लिफ्ट बंद होती. अर्जदार जिन्याने चढून आली आहे, याची नोंद घ्यावी.)

दिनांक: गुरुवार. सामना रविवारी आहे.

विषय: सॉफ्टबॉल संघातील खेळाडूची जागा परत मिळणेबाबत व ‘मानद मार्गदर्शक’ हे पद काढून घेणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे नाव खेळाडूंतून वगळण्याचा आपला आदेश. २) त्याविरुद्धचे अर्जदाराचे आधीचे अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

१. अर्जदार ही रुग्णालयाच्या कापडखोलीत शिवणकाम करते आणि देखभाल विभागाच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते. मागील हंगामाचा शेवटचा सामना लेखा विभागाशी होता. शेवटची इनिंग, आमचे दोघे बाद, एक धाव कमी. अर्जदाराने चेंडू थेट कुंपणापर्यंत मारला. संघाचा कप्तान, म्हणजे बॉयलरवाला, “पळ ताई, मागे बघू नकोस!” असे ओरडत होता. अर्जदाराने मागे पाहिले नाही. दुसऱ्या बेसवर तिने घसरत पाय टाकला. पाय पोहोचला, बेस जागचा हलला नाही, घोट्याचे हाड मोडले आणि सामना तिथेच थांबला.

२. बेस का हलला नाही, तर तो अर्जदारानेच शिवला होता. पूर्वी बेस म्हणून, म्हणजे धावताना पाय टेकवायच्या जागी, वाळूच्या पिशव्या ठेवत, त्या पायाबरोबर कुठेही जात. अर्जदाराने टाकाऊ गाद्यांचे जाड कापड दुहेरी शिवले, आत चिंध्या ठासल्या, चारही कोपऱ्यांना पट्टे लावले आणि ते लोखंडी खुंट्यांनी जमिनीत ठोकून घेतले. कापडखोलीत शिवण उसवली की बोलणी बसतात, त्यामुळे हाताला तीच सवय. खेळात बेसने थोडे सुटायचे असते, हे अर्जदारास हाड मोडल्यावर कळले. आता चांगलेच कळले आहे.

३. यावर आपण चौकशी समिती नेमली. समितीच्या तिन्ही सदस्यांनी मिळून बेस ओढून पाहिला आणि अहवाल दिला की, “बेस भक्कम व निर्दोष असून अपघात खेळाडूच्या हालचालीमुळे झाला आहे.” त्यानुसार बेस कायम ठेवण्यात आला आणि खेळाडूस काढण्यात आले. हालचाल न करता सॉफ्टबॉल खेळण्याची काही रीत समितीस ठाऊक असल्यास ती लेखी कळवावी, ही विनंती.

४. भरपाई म्हणून अर्जदारास ‘मानद मार्गदर्शक’ करून एक खुर्ची आणि एक छत्री देण्यात आली. सरावाच्या वेळी ती छत्रीखाली बसते. येणारा-जाणारा “आता कसं वाटतंय?” असे विचारतो. फार वाईट वाटते, महोदय. मार्गदर्शन आजपर्यंत कोणी मागितलेले नाही. छत्री मात्र बॉयलरवाला दोनदा मागून घेऊन गेला.

५. आपल्या कक्षाने वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले. अस्थितज्ज्ञांनी “चालणे, जिने चढणे व उभ्याने काम करणे यांस योग्य” असे लिहून दिले. त्यात ‘सॉफ्टबॉल’ शब्द नाही म्हणून ते परत आले. त्यांनी “सॉफ्टबॉलसह” असे जोडले. तेव्हा डॉक्टर खेळातले तज्ज्ञ नाहीत म्हणून प्रमाणपत्र पुन्हा परत आले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी खाली स्वहस्ते लिहिले आहे, “पाय बरा आहे. कृपया मला माझं काम करू द्या.” ही ओळसुद्धा प्रमाणपत्राचाच भाग समजावी.

६. घरचा विरोध असेल, असे आपण आदेशात गृहीत धरले आहे. प्लास्टर होते तेव्हा सासूबाई “या वयात कसलं ते धावणं?” असे रोज म्हणत, हे खरे. पण प्लास्टर निघाल्यावर त्याच सासूबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या, आणि अर्जदार अंगणात धावू लागली की वरून “पाय उचल गं, फरपटू नकोस!” असे ओरडू लागल्या. अर्जदाराच्या यजमानांनी गुपचूप नवे बूट आणून दाराशी ठेवले. सबब, घरची हरकत नाही.

७. अर्जदार हे का धरून बसली आहे, असे आपण शिपायाकरवी विचारलेत. उत्तर सोपे आहे. तिला लहानपणी हळू चाल म्हणाले, सासरी हळू बोल म्हणाले, कामावर रांगेत थांबा म्हणतात. सगळ्या जगात ते एकच मैदान आहे जिथे लोक तिला पळ म्हणतात. ते ती सोडणार नाही.

८. आता मुख्य मुद्दा. आपल्या स्पर्धेची जुनी प्रथा आहे की, थांबलेला सामना पुढच्या हंगामाच्या पहिल्या रविवारी जिथे थांबला तिथूनच सुरू होतो, आणि जो ज्या बेसवर होता तो तिथेच उभा राहतो. तो खेळाडू नसेल, तर त्याला बाद धरतात. म्हणजे अर्जदार संघात नसेल, तर आमचा तिसरा, म्हणजे शेवटचा, गडी न खेळताच बाद होतो आणि लेखा विभाग जिंकतो. आपण स्वतः लेखा विभागाच्या संघातून खेळता, म्हणून हा आदेश निघाला, असा अर्जदाराचा मुळीच आरोप नाही. लिफ्टमन तसे म्हणतो. धोबीखान्यातही तसेच म्हणतात.

९. अर्जदारास खरे कारण ठाऊक आहे. त्या दिवशी दुसऱ्या बेसवर आपणच उभे होतात. चेंडू आपल्या हातात उशिरा आला. अंपायर असलेल्या रुग्णवाहिकेच्या चालकाने दोन्ही हात पसरून ‘सेफ’, म्हणजे बाद नाही, असा निर्णय दिला आणि तसाच गाडी आणायला धावला. आपण आपली टोपी काढून अर्जदाराच्या डोक्याखाली ठेवलीत आणि “ताई, बघू नका पायाकडे, माझ्याकडे बघा,” असे म्हणत राहिलात. आपला चेहरा पांढराफटक पडला होता. ते उपकार अर्जदार विसरणार नाही. पण महोदय, भीती आपल्याला बसली आहे आणि बंदी तिच्यावर घातली आहे, हे बरोबर नाही.

१०. सबब, प्रार्थना अशी की, आदेश रद्द करावा, खुर्ची परत घ्यावी, आणि मैदानावरचे जुने बेस काढून सोबतच्या नमुन्याचे बसवावेत. हा बेस धक्का बसताच सुटतो. अर्जदाराने सगळे शिवून ठेवले आहेत. आदेश रद्द न झाल्यासही अर्जदार रविवारी ठरल्या वेळी मैदानावर येईल आणि दुसऱ्या बेसवर उभी राहील. तिला हटवायचे असल्यास आपण स्वतः यावे. जागा आपल्याला माहीत आहे. येताना हातमोजा आणावा, कारण बॉयलरवाला ‘पळ’ म्हणाला की ती पळणार आहे.

आपली नम्र (कलम १० वगळता),

(सही)
शिवणकाम करणारी, कापडखोली
खेळाडू, देखभाल विभाग. बाद नाही.

सोबत:
१) वैद्यकीय प्रमाणपत्र, डॉक्टरांच्या ओळीसह.
२) नव्या बेसचा नमुना. कृपया स्वतः पाय मारून पाहावा.
३) जुना बेस (जादा शिवलेला). शिपायास उचलवला नाही, म्हणून खाली पहारेकऱ्याजवळ ठेवला आहे.
४) आपली टोपी, धुऊन व इस्त्री करून.