माझ्या फोटोतली तुझी बोटं

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या मेलेल्या बहिणीचा नमस्कार. (घाबरू नकोस, फक्त मालिकेत मेले आहे. जिन्यावरून पडून. पडली तीही माझी डमी, मी खाली नुसती आडवी झाले.) गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी आठवणीने घेतेस ना? फोन असताना पत्र कशाला, म्हणून तोंड वाकडं करू नकोस. सगळंच काही फोनवर सांगण्यासारखं नसतं.

तर, मरून चार महिने झाले तरी माझी नोकरी चालू आहे. सव्वीस वर्षं नर्स, शेजारीण आणि हिरोची आत्या करण्यात गेली, पण इतकं स्थिर काम मेल्यावरच मिळालं. दिवाणखान्याच्या सेटवर माझा फोटो लावलाय आणि तो सुनेला सल्ले देतो. आवाज माझा. प्लायवूडच्या भिंतीमागे हातभर अंधारी फट आहे. तिथे स्टुलावर बसून, माइक धरून, मी माझ्याच फोटोच्या पाठीमागून बोलते.

फोटो जुना हवा होता. मी घर सोडून या धंद्यात निघाले, त्या सकाळचा आपल्या दोघींचा दिला. त्यातून तुला कापलं. (कात्री माझी नव्हती, परवानगी मात्र माझी होती. लाज वाटते.) तरी तुझी चार बोटं माझ्या खांद्यावर राहिलीच, दारात चेमटून वाकडी झालेली करंगळीसुद्धा. कुणाच्या लक्षात येणार नाही, म्हणाले.

आमच्याकडे कंटिन्युइटी सांभाळणारी एक बाई आहे. कालच्या प्रसंगात कुणाची बाही किती दुमडली होती, कपात चहा कुठवर होता, याचे ती फोटो काढून ठेवते. तिसऱ्या आठवड्यात ती असे तीन फोटो घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. पहिल्यात बोटं खांद्याच्या टोकाला, दुसऱ्यात मध्यावर, तिसऱ्यात कॉलरपाशी. मी म्हटलं, फ्रेम तिरकी झाली असेल. सुताराने ती चार खिळे ठोकून पक्की केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं गळ्याला टेकलेली होती.

दिग्दर्शकाला घाम फुटला, लेखकाला मात्र आनंदाच्या उकळ्या. त्याने माझा अपघात रद्द करून खून केला, गळा दाबून. आता प्रेक्षक खुनी कोण म्हणून डोळे लावून बसलेत. म्हणजे ताई, घरोघरी सध्या संशय तुझ्यावर आहे! 'हात आहे तोवर तुम्ही आहात,' असं लेखकाने मला सांगून टाकलं.

खरं सांगू, मला भीती वाटली नाही. कारण भिंतीमागे बसलं की माझ्याही खांद्यावर ती बोटं टेकायची. पहिल्यांदा वाटलं लाइटवाला असेल, म्हणून चांगली खेकसले. मागे कुणीच नव्हतं. (माणूस मावायला जागाच नाही तिथे.) पण करंगळी वाकडी लागली आणि ओळखलं. मी पोक काढून बसले की तू अशीच दाबायचीस. मी ताठ व्हायचे आणि एका टेकमध्ये ओके! ध्वनिमुद्रणवाल्याने एकदा हेडफोन काढून विचारलं, "मॅडम, तुमचा श्वास ऐकू येतो ते ठीक. पण दुसरा कुणाचा?" मी म्हटलं, "बहिणीचा." तो हसला, मग हसायचा थांबला.

गुरुवारी सकाळी अकराला, वाक्याच्या मध्येच, खांदा हलका झाला. पुढे येऊन पाहते तर फोटोत मी एकटी. खांद्यावरचं कापड साफ, चुणीसुद्धा नाही. लेखक डोकं धरून बसलाय, आणि उद्या फोटो उतरवायचं चाललंय. माझं बस्तान उठलं, दुसरं काय.

तब्येतीला जप. राग असला तरी थोडी माया शिल्लक ठेव.

तुझी,
दिवंगत ठमी

ता. क. : त्या फोटोची दुसरी प्रत तुझ्या कपाटात असेल. पाठवलीस तर नोकरी वाचेल. युनिटचा ड्रायव्हर तुझ्याच बाजूला निघालाय, त्याच्याकडे हे पत्र देते.

ता. क. २ : प्रत नको. गुरुवारी अकरापासून तू फोन उचलत नाहीस. एकोणतीस वेळा लावला. दोन ओळी लिहून ड्रायव्हरकडे दे. पण स्वतःच्या हाताने लिही.

ता. क. ३ : ड्रायव्हरकडे पत्र दिलं नाही. शूटिंग टाकून मीच गाडीत बसले आहे. अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे म्हणणार होते, पण तसं नाही. मला भीती वाटतेय, ताई. इतक्या वर्षांत आले नाही म्हणून हवं तेवढं बोल, पण दार उघड.